सँटोरिनीला जायचं का? मावशीच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर

2025च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रात्री साडेदहाला ठाण्याहून मावशीचा फोन. "अगं, टीव्हीवर दाखवतायत ते आमचंच बेट ना?"

हो, त्यांचंच बेट होतं. काका मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि एप्रिलच्या शेवटी दोघं ग्रीसला निघणार होते. अथेन्समध्ये तीन रात्री, सँटोरिनीत चार. कड्यात कोरलेली पांढरी खोली मावशीने सहा महिने फोटो बघून निवडली होती. निम्मे पैसे भरलेले, तेही परत न मिळणारे. आणि आता टीव्हीवर त्याच बेटावरचे लोक बॅगा घेऊन रात्री बोटीच्या रांगेत उभे होते.

"तू भूकंपांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग. जायचं की नाही?"

माझ्या पीएचडीबद्दल नातेवाइकांनी आजवर विचारलेला एकच प्रश्न म्हणजे "संपणार कधी?" चौथ्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी विषयातलं काही विचारलं, आणि माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. जे उत्तर दिलं त्यातला सल्ला बरा होता, पण त्यामागचं कारण चुकलं. या लेखात ते सगळं सांगते. कारण ज्वालामुखीच्या बेटावर सुट्टी ठरवताना तुमच्याही मनात हाच प्रश्न येईल, आणि तो थोडा वेगळ्या तऱ्हेने विचारला तर त्याला उत्तर आहे.

आधी बेट समजून घ्या. नकाशात सँटोरिनी चंद्रकोरीसारखं दिसतं. ही कोर म्हणजे थिरा हे मुख्य बेट. समोर थिरासिया आणि आस्प्रोनिसी, आणि तिघांच्या मध्ये समुद्र. हा समुद्र म्हणजे काल्डेरा. काल्डेरा हा शब्द स्पॅनिश, अर्थ मोठी कढई. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहील असते ना, तशीच, पण 11 किलोमीटर लांब आणि 7 किलोमीटर रुंद. जमिनीखालचा शिलारस मोठ्या उद्रेकात बाहेर फेकला गेला की वरचं छप्पर आधाराविना खाली बसतं आणि ही काहील तयार होते. इथे असे उद्रेक एकाहून जास्त वेळा झाले आहेत. शेवटचा साधारण 3600 वर्षांपूर्वीचा, कांस्ययुगातला. म्हणजे तुम्ही ज्या कड्यावर बसून सूर्यास्ताचे फोटो काढणार, ती त्या काहिलीची कड आहे. आणि त्या सुंदर गुहेसारख्या खोल्या ज्या मऊ, पांढुरक्या थरात कोरल्या आहेत, तो याच उद्रेकांतून पडलेल्या राखेचा आणि प्युमिसचा थर आहे. प्युमिस म्हणजे टाचा घासायला मिळतो तो सच्छिद्र, हलका दगड. एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी इथून ही राख खणून नेली, कारण चुन्यात मिसळली की ती पाण्याखालीही घट्ट बसते. त्या खाणींमध्येच राखेखाली गाडलेल्या जुन्या वस्तीच्या पहिल्या भिंती सापडल्या.

काहिलीच्या मधोमध काळीकुट्ट दोन बेटं आहेत, पालिआ कामेनी आणि निआ कामेनी. ही मोठ्या उद्रेकानंतर हळूहळू वर आली. निआ कामेनीवरचा शेवटचा उद्रेक 1950चा, आणि तो छोटा होता. बोटीच्या सहलीत तुम्हाला नेतात ते इथेच.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: कोलुम्बो. थिराच्या ईशान्येला साधारण 7 किलोमीटरवर समुद्राखाली हा वेगळा ज्वालामुखी आहे. पर्यटकांच्या नकाशात तो नसतो. 1650 साली तो फुटला तेव्हा विषारी वायूंमुळे आणि त्सुनामीमुळे थिरावर सुमारे 70 माणसं गेली. आपण सगळे काहिलीकडे बघत बसतो, आणि गेल्या काही शतकांतलं सगळ्यात घातक प्रकरण बाजूच्या, न दिसणाऱ्या डोंगराचं आहे.

आता फेब्रुवारी 2025. जानेवारीच्या शेवटी सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंप सुरू झाले, आणि थांबेचनात. दिवसाला शेकडो. 6 तारखेला सरकारने आणीबाणी जाहीर केली, ती 3 मार्चपर्यंत राहिली. शाळा बंद झाल्या. 11 हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. कड्याखालच्या काही बंदरांवर जाऊ नका, बंद जागेत गर्दी करू नका, आणि पोहण्याचे तलाव रिकामे करा, अशा सूचना निघाल्या. तलाव का? कारण हादऱ्याने तलावातलं पाणी हिंदकळलं की त्याच्या वजनाचे धक्के इमारतीला बसतात, आणि इथे तलाव कड्याच्या टोकावर, कुणाच्या तरी छतावर असतात.

सगळ्यात मोठा धक्का 10 फेब्रुवारीला, 5.3 रिश्टरचा. (आम्ही आता 'रिश्टर' म्हणत नाही, पण वर्तमानपत्रं म्हणतात, तर असू दे.)

नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का येतो आणि मग छोटे धक्के कमी कमी होत जातात. इथे तसा एक मोठा नव्हताच. सारखे मध्यम आणि छोटे. याला भूकंपमालिका म्हणतात. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018पासून हेच झालं होतं. लोक थंडीत तंबूत झोपत होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: मोठा कधी येणार? भूकंपमालिकेचा त्रास हाच आहे. ती तशीच विरूनही जाते, किंवा एखाद्या मोठ्या धक्क्याची सुरुवातही असू शकते, आणि चालू असताना यातलं नेमकं काय ते सांगता येत नाही.

सँटोरिनीत शक्यता दोन होत्या. एक, जमिनीतला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी फट, सरकतोय. दोन, शिलारस खडक फोडत वर येतोय. भ्रंशाची भीती खरी होती, कारण 9 जुलै 1956ला याच भागात 7.5च्या वरचा भूकंप आला होता. त्यात 53 माणसं गेली, त्सुनामी आली, आणि ईआ गावातली घरंच्या घरं पडली. (या गावाला मावशी 'ओइया' म्हणते. लिहितात तसंच, तिची चूक नाही.)

त्या आठवड्यात बरेच तज्ज्ञ म्हणत होते की हा प्रकार भ्रंशाचा दिसतोय, ज्वालामुखीचा नाही. मलाही तेच पटलं होतं. धक्के काहिलीपासून दूर, समुद्राखाली होते. तर मी मावशीला म्हटलं, "ज्वालामुखीची काळजी नको करूस, हे जमिनीचं सरकणं आहे. पण मोठा भूकंप येऊ शकतो. म्हणून आत्ता उरलेले पैसे भरू नका. व्हिसाची अपॉइंटमेंट रद्द करू नका. 15 मार्चला ठरवा."

मावशी म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही माहीत. आणि टीव्हीवर जो ठाम सांगतोय त्यालाही नाही."

मार्चमध्ये धक्के ओसरले. पण तोवर काकांचाच धीर सुटला होता. हॉटेलला दोन आठवडे ईमेल करून तारखा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलल्या. पैसे वाचले, विमानाचे थोडे गेले.

आणि सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात, मावशी बेटावर असताना, 'नेचर'मध्ये या मालिकेवरचा शोधनिबंध आला. मी तो लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचला.

त्यात काय होतं ते सांगते, कारण ही आमच्या विषयातली खरोखर सुंदर गोष्ट आहे. भूकंपमापकावर दिवसाला शेकडो धक्के आले की एकाच्या लहरींवर दुसऱ्याच्या लहरी चढतात. माणसाने एकेक वेचायचं म्हटलं तर महिने जातात, आणि छोटे निसटतातच. या गटाने ते काम संगणकाला शिकवलं. आधी येणारी वेगवान लहर आणि मागून येणारी संथ लहर, दोन्ही तो ओळखतो. दोघींच्या वेळेतल्या फरकावरून धक्का किती लांब ते कळतं. असे 28 हजारांहून जास्त भूकंप त्यांनी जागेवर बसवले. योगायोग असा की मालिका सुरू होण्याच्या थोडंच आधी कोलुम्बोच्या तळाशी उपकरणं ठेवलेली होती. नाहीतर समुद्राखालचं हे सगळं किनाऱ्यावरून धूसरच दिसलं असतं.

ठिपके वेळेच्या क्रमाने मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. ते एका जागी नव्हते, पुढे सरकत होते. झटक्याझटक्याने, 18 किलोमीटर खोलीपासून वर, समुद्रतळाखाली 4 किलोमीटरपर्यंत. भ्रंश असा चालत नाही. शिलारस चालतो. तो खडकात उभी फट पाडतो, त्यात शिरतो, थांबतो, पुन्हा फट पुढे पाडतो. अशा फटीत गोठलेल्या शिलारसाच्या भिंतीला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या लांबच लांब टेकड्या पाहिल्या असतील, तर डाइक तुम्ही पाहिले आहेत. ते दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंती उरल्या. सँटोरिनीत तशी एक भिंत 2025च्या फेब्रुवारीत आमच्या डोळ्यांदेखत तयार झाली.

दुसरा पुरावा जमिनीच्या उंचीचा. 2024च्या उन्हाळ्यापासून सँटोरिनी काही सेंटिमीटर वर उचललं जात होतं. भूकंप सुरू झाले तसं ते खाली बसायला लागलं. फुगा एका बाजूने रिकामा व्हावा तसं. म्हणजे काहिलीखालचा शिलारस आणि कोलुम्बोखालचा शिलारस आतून एकमेकांशी जोडलेले आहेत, असं हे संशोधक म्हणतात.

एकूण किती शिलारस हलला? सुमारे 30 कोटी घनमीटर. मी हिशोब केला: पानशेत धरण पूर्ण भरल्यावर त्यात वापरायचं पाणी जेवढं असतं, जवळपास तेवढाच. तो वर आला आणि समुद्रतळाखाली 4 किलोमीटरवर थांबला.

म्हणजे मी मावशीला जे सांगितलं होतं, "ज्वालामुखीची काळजी नको", ते चूक होतं. शिलारसच होता. फक्त थांबला.

याला काठावरून वाचलो म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, पण हे मत आहे, सिद्धांत नव्हे. खाली हलणाऱ्या शिलारसापैकी बराचसा कधीच बाहेर येत नाही. 2011-12मध्येही काहिलीखाली शिलारस भरला होता, बेट फुगलं होतं, आणि पुढे काही झालं नाही. शिवाय 3600 वर्षांपूर्वीच्या उद्रेकात जे बाहेर आलं ते या पानशेतच्या शंभरपटीहून जास्त होतं. त्याआधीचा तेवढा मोठा साधारण 22 हजार वर्षांपूर्वीचा. त्या आकाराचा उद्रेक तुमच्या चार रात्रींत गाठ घालेल ही शक्यता मी मोजतच नाही. मोजण्यासारखे आहेत ते छोटे उद्रेक, मध्यम भूकंप, आणि कडे.

म्हणून प्रश्न बदला असं मी म्हणते. "फुटेल का?" हे विचारू नका. विचारा, "हा ज्वालामुखी उठताना आवाज करतो का, तो आवाज ऐकायला कुणी बसलंय का, आणि ऐकल्यावर मला निघता येईल का?"

सँटोरिनी आवाज करतं. त्याचा सगळ्यात जुना पुरावा आक्रोटिरीत आहे. राखेखाली गाडलं गेलेलं हे कांस्ययुगीन गाव स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी 1967पासून खणून काढलं. रंगीत भित्तिचित्रं मिळाली, दोन-तीन मजली घरं मिळाली, धान्याचे रांजण मिळाले. पाँपेईसारखी माणसं मात्र मिळाली नाहीत, दागदागिनेही नाहीत. उद्रेकाआधी भूकंप झाला होता, लोकांनी पडझडीचे ढीग बाजूला लावले होते, पलंग घराबाहेर काढले होते. आणि मग ते निघून गेले. कुठे, ते कळलेलं नाही. तुम्ही तिथे जाल तेव्हा ते पलंग आठवा. डहाणूचे तंबू आणि ते पलंग यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

पण सगळे ज्वालामुखी इतके सभ्य नसतात. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर 9 डिसेंबर 2019ला विवरापाशी 47 माणसं असताना वाफेचा स्फोट झाला, 22 गेली. तिथे नवा शिलारस वर यायची गरजच नव्हती. तापलेल्या पाण्याची अचानक वाफ झाली की झालं. इशाऱ्याची पातळी आधी वाढवली होती, तरी सहली चालूच होत्या. त्याच वर्षी 3 जुलैला इटलीच्या स्ट्राँबोलीवर झालेल्या मोठ्या स्फोटात एक गिर्यारोहक गेला. तेव्हा बेटावर राहणं वेगळं आणि विवराच्या तोंडाशी उभं राहणं वेगळं. निआ कामेनीवर जरूर जा, चांगले बूट घालून जा, पण कुठल्या अधिकृत यंत्रणेने बंद केलंय का ते त्या दिवशी सकाळी बघा. सहल विकणाऱ्याला विचारू नका, तो "काही होत नाही" हेच म्हणणार.

आता मावशी-काकांच्या निमित्ताने जे शिकले ते पटापट.

विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा विमा लागतो, पण तो दवाखान्याच्या खर्चाचा असतो. सहल रद्द झाल्याचे पैसे हवे असतील तर ते कलम वेगळं बघावं लागतं. आणि बातमी आल्यावर काढलेला विमा त्या घटनेला सहसा चालत नाही. आम्ही नेमके बातमी आल्यावर शोधायला लागलो. तुम्ही तिकिटाबरोबरच काढा.

राहायचं कुठे? कड्यावरची खोली सुंदरच, पण पायऱ्या फार. काकांचा गुडघा दुसऱ्याच दिवशी बोलायला लागला. पूर्वेला कामारी, पेरिसा ही काळ्या वाळूची सपाट गावं आहेत, स्वस्तही. तिथे राहिलात तर एवढं ठेवा मनात: जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, तर इशाऱ्याची वाट न बघता किनारा सोडून वर चालायला लागायचं. 1650ची लाट पूर्व किनाऱ्यावरच आली होती. मधलं पिर्गोस गाव मला नकाशावर सगळ्यात शहाणं वाटतं. फोनवर 112 क्रमांकाचे सरकारी इशारे येतात, ते बंद करून ठेवू नका.

निघायचं कसं? बेटावरून बाहेर पडायच्या वाटा दोनच, विमानतळ आणि अथिनिओस बंदर. बंदराचा रस्ता कड्यावरून वळणं घेत खाली उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, कधी बोटी रद्द होतात. तेव्हा परतीच्या विमानाच्या आधी अथेन्समध्ये एक रात्र मोकळी ठेवाच. ज्वालामुखीपेक्षा वाऱ्याने सुट्टी बिघडायची शक्यता कितीतरी जास्त. मे किंवा सप्टेंबर घ्या. ऊनही जरा माणसात असतं, कारण या बेटावर सावली जवळपास नाहीच. द्राक्षाच्या वेलीसुद्धा वाऱ्याला घाबरून जमिनीवर टोपलीसारख्या गोल वळवलेल्या असतात.

आणि कडे. लाल किनारा म्हणून प्रसिद्ध आहे तो, आक्रोटिरीजवळचा. दरड कोसळण्याच्या धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि लोक पाटीला टेकून फोटो काढतात. ज्या मऊ, लाल-काळ्या थरांमुळे तो सुंदर दिसतो, तेच सुटे आहेत. आक्रोटिरीच्या उत्खननावरचं नवं छप्पर 2005मध्ये कोसळलं आणि एक पर्यटक गेला. 2012पर्यंत ती जागा बंद होती. ज्वालामुखीने नव्हे, छपराने.

तर सप्टेंबरमध्ये तो निबंध वाचून झाल्यावर मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. सुट्टीवर असलेल्या माणसाला हे सांगायचं का? शेवटी लिहिलं: "मावशी, फेब्रुवारीत मी चुकीचं सांगितलं होतं. तो शिलारसच होता, पानशेतएवढा. आता हालचाल शांत आहे, यंत्रं बसलेली आहेत, काळजी करू नकोस."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "पानशेत म्हणजे अख्खं? बरं. काका विचारतायत, बोटीवाला गरम पाण्याच्या झऱ्यात पोहायला चला म्हणतोय. जाऊ का?"

मी लिहिलं, जा. पाणी फार गरम नसतं, झऱ्यापर्यंत बोटीवरून थोडं गार समुद्रातून पोहावं लागतं, आणि जुना पोहण्याचा ड्रेस घाल, लोहामुळे कपडे तांबूस होतात ते निघत नाहीत. लाल किनाऱ्यावर मात्र उतरू नका.

"तिथे कालच जाऊन आलो," मावशीने लिहिलं, आणि पाटीसकट फोटो पाठवला.